पन्नास मिनिटांचा तास

खोलीत शिरल्याबरोबर वास येतो तो घुंगरांच्या दोरीचा. घामानं भिजलेली, वाळलेली, पुन्हा भिजलेली सुती दोरी आणि तिच्यात एकेक गाठ मारून ओवलेलं पितळ. खिडक्या उघड्या असल्या, पंखे फिरत असले तरी तो वास हटत नाही. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या नृत्यविभागात मी बसायला जाऊ लागले, तेव्हा बाकी सगळं हळूहळू सवयीचं झालं. हा वास मात्र रोज दारातच नव्यानं भेटायचा.

जायचं कारण ठरलं ते विद्यार्थिनींच्या वार्षिक कार्यक्रमात. विंगेजवळ, तबला आणि संवादिनीच्या शेजारी बसून त्यांना कथक शिकवणाऱ्या ताई पढंत करत होत्या, तोंडानं बोल म्हणत होत्या. समोर आठ मुली चक्करदार तोड्यातल्या सत्तावीस चक्कर घेत होत्या. प्रेक्षक चेहरे बघत होते, हात बघत होते. ताईंची नजर जमिनीपासून वीतभर उंचीवर फिरत होती, एका टाचेवरून दुसऱ्या टाचेवर. सम आली, टाळ्या पडल्या, मुली वाकल्या. टाळ्या चालू असतानाच ताईंनी वही ओढून काहीतरी लिहिलं. ते काय होतं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

पुढे वही बघायला मिळाली. तारखेखाली एवढंच होतं: ‘मागची ओळ, डावी टाच उचलली जाते. फरशी?’

त्या प्रश्नचिन्हाबद्दल ताई बराच वेळ बोलल्या. चक्कर डाव्या टाचेवर फिरते. सगळा भार त्या एका जागी येतो. खाली सिमेंटवर बसवलेली फरशी असेल तर प्रत्येक आघात पोटरीत आणि गुडघ्यात परत येतो. मग शरीर आपोआप टाच वाचवायला शिकतं आणि चक्कर डुगडुगते. विभागाच्या दोन खोल्यांपैकी एकीत लाकडी जमीन आहे, खाली पट्ट्या टाकून पोकळी ठेवलेली. दुसरीत फरशीच. मुलींचा रियाज वाटून जातो आणि फरशीवरचा वाटा ज्यांच्या नशिबी येतो त्यांच्या टाचा बोलतात. टाळ्यांच्या कडकडाटात ही बाई वेळापत्रकातल्या खोल्यांचा विचार करत होती.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेला आकडा होता पन्नास. ‘‘आमचा तास पन्नास मिनिटांचा. त्यातली दहा घुंगरू बांधण्यात आणि नमस्कारात जातात. दहा ततकारात, पाय गरम व्हायला. उरतात तीस. तिसाव्या मिनिटाला एखादीचं शरीर खुलायला लागतं आणि बाहेर पुढचा वर्ग येऊन उभा राहतो.’’ हे सांगताना आवाजात तक्रार नव्हती. हिशोब होता, रोज करून पाठ झालेला.

ततकार सुरू होतो. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मोबाइलवर लेहरा, हातात टाळी, आधी बरोबरीत, मग दुप्पट, मग चौपट. चौपटीला खोलीतल्या खिडकीच्या काचा थरथरतात. ताई उभ्या असतात, पण नाचत नाहीत. क्वचित एखादा पाय टेकवून दाखवतात, तोही अर्धाच.

माझं लक्ष ज्या मुलीकडे पुन्हा पुन्हा जात राहिलं ती मराठवाड्यातून आलेली, दुसऱ्या वर्षाची. गावात एका क्लासमध्ये शिकली, परीक्षा देत देत इथवर पोचली. पायांत बळ भरपूर, गती सगळ्यांत जास्त. पण तिची सम चुकायची. फार नाही, अर्धी मात्रा आधी. तिहाई होती साधी: पाच मात्रांचा बोलसमूह तीनदा म्हणायचा, मध्ये दोनदा एकेका मात्रेचा दम. पाच, एक, पाच, एक, पाच, सतरा. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणून समेपासून निघालं तर सतरावी मात्रा पुढच्या समेवरच पडते. हे गणित तिला तोंडपाठ होतं. नाचताना मात्र दुसरा दम यायच्या आधीच तिचा पाय सुटायचा.

ताईंनी तिला ‘चुकलं’ असं एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांनी तिला खाली बसवलं, घुंगरू सोडायला लावले आणि नुसती पढंत करायला सांगितली. मुलगी बोलू लागली. दुसऱ्या दमाशी आली तेव्हा ताईंनी आपला तळवा तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला. ‘‘इथे श्वास घे. दम खा गं, कोणी पळवून नेत नाही.’’ पुन्हा. पुन्हा. उरलेल्या वर्गानं भिंतीशी उभं राहून हातावर ताल धरला होता. किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण तळवा पाठीवरून एकदाही उचलला गेला नाही. मग ती उठली, घुंगरू न बांधताच तिहाई नाचली आणि सम अशी आली की भिंतीशी उभ्या मुलींच्या तोंडून एकदम ‘आहा’ निघून गेलं. ताईंनी घड्याळ बघितलं. पन्नास मिनिटं संपून चार झाली होती. दाराशी नाट्यविभागाची मुलं उभी होती.

कथकात समेची चूक पायात दिसते आणि असते श्वासात, हे मला त्या दुपारी समजलं. ग्रंथालयातल्या कुठल्याही पुस्तकातून ते असं समजलं नसतं.

ताईंची नोकरी मात्र पुस्तकांवर आणि कागदांवर उभी आहे. गुरूंकडे त्या लहानपणापासून शिकल्या. तिथे तासाला तास म्हणत नसत. सकाळी गेलं की जेवायच्या वेळी घरी. पदव्या घेतल्या, नेट दिली. नेटमध्ये नृत्य, नाट्य आणि रंगभूमी असा एकत्र विषय आहे, म्हणून कथकच्या मुलीला नाट्यशास्त्रापासून पाश्चात्त्य रंगभूमीपर्यंत सगळं वाचावं लागतं. ते वाचण्याचा आपल्याला फायदाच झाला, असं त्या आवर्जून सांगतात. मग कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर काम. घेतला तेवढा तास, त्याचे पैसे. तो तासही पन्नास मिनिटांचाच. रचना बसवायला मुलींबरोबर थांबलेल्या संध्याकाळी, पोशाखाचं कापड आणायला घातलेला रविवार, तबलजींना घरून आणणं-सोडणं, यांतलं काहीही त्या हिशोबात बसत नव्हतं. कायम झाल्या तेव्हा स्वतःच्या एकल नृत्याच्या उमेदीची वर्षं मागे पडली होती. पहाटेचा रियाज अजून चालू आहे. ‘‘मुलींना दाखवता आलं पाहिजे ना,’’ एवढंच कारण त्या देतात. मला ते अपुरं वाटतं. ज्या बाईनं स्वतःचं नाचणं असं थोडं थोडं करून दुसऱ्यांच्या पायांत घातलं, तिला पहाटेचा तो वेळ फक्त स्वतःसाठी हवा असावा, असं मला वाटतं.

विद्यापीठ आणि नृत्य यांची आपल्याकडची गाठ फार जुनी नाही. बडोद्यात ती लवकर पडली, आणि त्यामागे मराठी धागा आहे. 1880च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या राजघराण्यातल्या मुलीशी झालं, तेव्हा गौरी आणि कांतीमती या नर्तकी तंजावरहून बडोद्याला आल्या. दरबाराच्या कलावंत कारखान्यात त्या चाकरीला होत्या. त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य शिकवू लागले. दरबारातून वर्गात यायला दोन पिढ्याही लागल्या नाहीत. याच विद्यापीठात पुढे सी. व्ही. चंद्रशेखर नृत्यविभागाचे प्रमुख झाले. ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेत तयार झालेला हा नर्तक वनस्पतिशास्त्राचा एम.एस्सी. होता, आणि विद्यापीठातून 1992मध्ये निवृत्त झाल्यावरही ऐंशीच्या घरात नाचत राहिला. मुंबईत कनक रेळे कायद्याच्या पदवीधर. त्यांनी मोहिनीअट्टमच्या जुन्या नर्तकी केरळात जाऊन शोधल्या, त्यांच्या हालचालींची चित्रफीत केली आणि नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभं करून मुंबई विद्यापीठाला नृत्याची पदवी द्यायला लावली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1926मध्ये नृत्याची पदवी सुरू करणाऱ्या मार्गारेट ह’डब्लर मुळात जीवशास्त्राच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या. नाचाच्या वर्गात त्या हाडांचा सापळा आणून ठेवत.

वनस्पती, कायदा, हाडं. दुसऱ्या एखाद्या शास्त्राची शिस्त अंगात असलेल्या या माणसांनी नृत्याला विद्यापीठाचं दार उघडून दिलं, हा मला योगायोग वाटत नाही. सिंडिकेटच्या बैठकीत नाचून दाखवता येत नाही. तिथे मांडून दाखवावं लागतं.

पुण्यात हे मांडण्याचं काम रोहिणी भाटे यांनी केलं. 1947मध्ये त्यांनी नृत्यभारती सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकल्या, खैरागढच्या विद्यापीठासाठी कथकचा अभ्यासक्रम आखण्यात सहभागी झाल्या, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकवलं. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, कालिदासाच्या ऋतुसंहारावर नृत्यरचना बसवली. नर्तकीनं लिहिलं पाहिजे, वाचलं पाहिजे, हा आग्रह पुण्याच्या कथकात आहे तो बराचसा त्यांच्यामुळे. ताईंच्या टेबलावर त्यांचं ‘लहजा’ असतं, आणि पाठीमागे चौकटीत त्यांचा फोटो. एखादी विद्यार्थिनी प्रबंधाचा कंटाळा करू लागली की ताई काही न बोलता फोटोकडे बोट करतात.

म्हणून विद्यापीठ नृत्याला मारतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मराठवाड्यातल्या त्या मुलीला पुण्यातल्या कोणत्या गुरूनं, कोणत्या ओळखीवर घरी ठेवून घेतलं असतं? प्रवेशपरीक्षा दिली, वसतिगृहात खाट मिळाली, लाकडी जमीन मिळाली, पाठीवर तळवा मिळाला. विद्यापीठ नसतं तर यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नसतं. माझं भांडण आहे ते मापाशी. शोधनिबंध मोजता येतो. बसवलेली रचना कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न ताई दर वर्षी मूल्यमापनाचा अर्ज भरताना विचारतात आणि दर वर्षी त्यांना वेगळं उत्तर मिळतं.

रचना बसवताना त्यांना बघणं हा वेगळाच अनुभव आहे. या सत्रात धमार होता. चौदा मात्रा, विभाग पाच, दोन, तीन, चार. ताईंनी हे विषम विभागच जमिनीवर उतरवले. आधी पाच मुलींची ओळ पाच मात्रांत तिरकी पुढे येते, मग दोघी तिला छेदून जातात. आठव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात, येते, तिथे तिघी पाय रोवून फक्त हातांनी ती मोकळी जागा भरतात, आणि शेवटच्या चार मात्रांत चौघी ओळ फोडून समेला नवा कोन करतात. कागदावर खडूच्या रंगांत हे सगळं काढलेलं. पण कागद पहिल्याच दिवशी बदलला, कारण एका मुलीचा घोटा मुरगळला होता. ताईंनी तिला खालीतल्या तिघींत मध्यभागी ठेवलं. तिथे पाय वाजवायचे नाहीत. मान, नजर आणि मनगट एवढंच. घोटा बरा झाल्यावरही ती जागा तिचीच राहिली, कारण इतकी स्थिर खाली दुसरीला जमेना. मला या सगळ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. समोर जी शरीरं आहेत, जशी आहेत, त्यांतून रचना निघते. चित्रकाराला रंग बदलून आणता येतो. हिला जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलीच नाचवायच्या असतात.

ही धमारची रचना बसायला पन्नास मिनिटांचे तुकडे पुरत नव्हते. कालचा कोन आज सापडेपर्यंत निम्मा तास संपायचा. ताईंनी जोडतासाची मागणी पुन्हा लिहून दिली, या वेळी दोन्ही खोल्यांचा आराखडा, वर्गांची संख्या आणि नाट्यविभागाची लेखी संमती जोडून. बैठकीत ती कोणी मान्य केली, कोणी विरोध केला, हे त्यांनी सांगितलं नाही.

नव्या सत्राचं वेळापत्रक फळ्यावर लागलं तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी सलग शंभर मिनिटं होती, लाकडी जमिनीच्या खोलीत. बाकीचे दिवस पन्नास. मराठवाड्यातल्या मुलीनं ते पहिल्यांदा वाचलं आणि ओरडतच जिना उतरली. ताईंनी पेन काढून मंगळवारपुढे ‘धमार’ लिहिलं, शुक्रवारपुढे फरशीवर रियाज करणाऱ्या सहा मुलींची नावं.