सायकलला मोटार बसवताय? आधी मापे घ्या

पेट्रोलचा भाव वाढला की सायकल आठवते आणि सायकल आठवली की गुडघे आठवतात. मग कोणीतरी सांगते, ‘‘अहो, त्या जुन्या सायकलला मोटार लावून घ्या की!’’ बाजारात मोटार, बॅटरी, कंट्रोलर आणि तारा असे सगळे सामान एका खोक्यात मिळते. खोके घरी येते, मुले भोवती जमतात आणि तासाभरात लक्षात येते की यातले निम्मे सामान आपल्या सायकलला बसतच नाही.

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमध्ये हा विचार अनेकांच्या मनात यावा, हे साहजिकच आहे. तेथील साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत 1989 मध्ये अ‍ॅटलस सायकलचा कारखाना सुरू झाला. 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, तो बंद पडला आणि शेकडो कामगार घरी बसले. कारखाना थांबला तरी अशा काळ्या, पोलादी, दणकट सायकली घरोघरी जिन्याखाली उभ्या आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये साहिबाबादहून दुहाईपर्यंत वेगवान रेल्वे सुरू झाली. पण स्टेशनपर्यंत जायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

खरी अडचण चिमट्यात

मोटार असते चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये. पुढच्या चाकाची मोटार साधारणपणे 100 मि.मी. रुंदीच्या चिमट्यासाठी बनवलेली असते, तर मागची 135 मि.मी.साठी. जुन्या काळ्या सायकलीत ही दोन्ही अंतरे कमी असतात. पोलादी चिमटा थोडासा फाकवता येतो. अॅल्युमिनियमचा मात्र कधीही फाकवू नये, तो वाकत नाही, तडकतो.

दुसरी गोष्ट एक्सलची. मोटारीचा एक्सल 12 मि.मी. जाड असतो आणि दोन्ही बाजूंनी घासून 10 मि.मी. चपटा केलेला असतो. साध्या सायकलचा पुढचा एक्सल याहून बारीक असल्याने तो चिमट्याच्या खाचेत शिरत नाही. मिस्त्री लगेच कानस उचलतो. येथेच सावध राहायला हवे. मोटार चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सलला उलट दिशेने फिरवू पाहते आणि ते बळ त्या खाचेच्या दोन कडांना पेलावे लागते. खाच ढिली झाली की एक्सल गरकन फिरतो, त्यातून बाहेर येणारी तार पिळवटून तुटते, नट सुटतो आणि चालत्या सायकलचे चाक निखळते. पुढचे चाक निखळले तर माणूस थेट तोंडावर पडतो. म्हणून एक्सलच्या चपट्या भागावर घट्ट बसणारी आणि दुसऱ्या टोकाला चिमट्याशी जखडलेली पोलादी पट्टी लावलीच पाहिजे. तिला टॉर्क आर्म म्हणतात. मोटारीच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नसते, तरीही पैसे वाचवायचे म्हटले की पहिली काट तिच्यावरच पडते.

आरे 32, भोके 36

तयार चाकासह मोटार घेतली की आणखी एक पेच. ते चाक बहुधा 26 इंची असते आणि काळी सायकल 28 इंची. शिवाय तिचे ब्रेक रॉडचे. त्यांचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, हबकडच्या अंगाला दाबले जाते. नव्या रिमला ब्रेक बाजूने लागतात. म्हणजे चाक बसले तरी ब्रेक लागणार नाही! मग मिस्त्री सुचवतो की, जुन्याच रिममध्ये मोटार विणू. कल्पना चांगली, पण आपल्या जुन्या सायकलींत पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, तर मोटारीला बहुधा 36 भोके असतात. हिशेब जुळत नाही. 36 भोकांची, पण रॉडच्या ब्रेकला चालणारी रिम मिळाली तर ठीक, नाहीतर पुढचा चिमटा आणि ब्रेक दोन्ही बदलण्याची तयारी ठेवावी. पावसात ओल्या पोलादी रिमवर ब्रेक आधीच कमी लागतो, त्यात मोटारीचा वेग. ब्रेकशी तडजोड नकोच.

पायडलचा वेग ओळखणारी चुंबकांची चकतीही जुन्या कॉटरच्या क्रँकवर बसत नाही, कारण ती चौकोनी दांड्यासाठी असते. दोन तुकड्यांत उघडणारी चकती घ्यावी किंवा तिच्याविना केवळ अंगठ्याच्या थ्रॉटलवर काम चालवावे.

बॅटरीला मात्र पुरुषांच्या काळ्या सायकलीसारखी जागा नाही. मधल्या त्रिकोणात ती ऐसपैस बसते आणि वजन खाली, मध्यावर राहते. लेडीज सायकलीला हा त्रिकोणच नसल्याने बॅटरी कॅरियरवर जाते आणि उभी सायकल हात सुटताच कलंडते. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॅट-तास वीज मावते. किलोमीटरला 12 ते 15 वॅट-तास धरले तर 24 ते 30 किलोमीटरची सोय होते. ती रात्री जिन्यात किंवा दाराशी चार्जिंगला लावू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

होंडानेही हेच केले होते

सोइचिरो होंडा यांनी 1946 मध्ये लष्कराच्या वायरलेस संचाची उरलेली छोटी इंजिने घेऊन ती सायकलींना बसवली. पहिल्या सायकलीला टाकी म्हणून त्यांनी घरातली गरम पाण्याची बाटली वापरली, असे सांगतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विक्रीस आलेल्या सोलेक्सने मापांची कटकटच टाळली. इंजिनाचा रोलर पुढच्या टायरवर टेकवला की झाले! अर्थात टायर ओला झाला की रोलर घसरे. पुण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये वेगळी वाट धरली. इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या ‘चाओ’वरून तिने 50 सी.सी.ची लूना आणली. तिला पायडल होते, पण सांगाडा, चाके, ब्रेक सारे इंजिनासाठीच घडवलेले. फेब्रुवारी 2024 मध्ये ती विजेवर परतली.

पेट्रोलच्या इंजिनाचा नाद करण्याआधी कायदा पाहावा. 25 सी.सी.पेक्षा मोठे इंजिन लावले की ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते आणि तिला नोंदणी, विमा, परवाना सारेच लागते. घरी बनवलेल्या वाहनाची नोंदणी कशी होणार? विजेच्या सायकलीला मात्र मुभा आहे: मोटारीची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 कि.मी.पर्यंत आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत हवे. दुकानदार 350 वॅटची मोटार ‘‘त्याच भावात’’ देऊ लागला तर नको म्हणावे.

खरेदीला निघताना खिशात कागद ठेवावा. त्यावर दोन्ही चिमट्यांमधील आतले अंतर, खाचेची रुंदी, रिमचे माप, आऱ्यांची संख्या आणि ब्रेकचा प्रकार लिहिलेला असावा. सायकलच दुकानात नेली तर आणखी उत्तम. मोटार बसल्यावर पहिले 50 किलोमीटर झाले की आरे पुन्हा ताणून घ्यावेत आणि एक्सलचे नट पान्ह्याने पुन्हा आवळावेत. नव्याने विणलेल्या चाकाचे आरे एवढ्या अंतरात थोडे सैल पडतातच.