कोच कोणाला लागतो?

गैरसमज : कोच कच्च्या माणसाला लागतो.

कंपनीने एखाद्या मॅनेजरला लीडरशिप कोच दिला की कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू होते, ‘साहेबांचं काहीतरी बिनसलंय.’ आता बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांचं उदाहरण घ्या. वडील यवतमाळ जिल्ह्यातले, मुलगा अमेरिकेत नावाजलेला. आठ वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर आपली प्रगती थांबलीय, असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी आपले निवृत्त गुरू रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं, नुसतं बघायला. थायरॉइडची शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. कोपर अधूनमधून खांद्याएवढं वर जातं. कापड अशा तऱ्हेने पसरलंय की समोरच्या मदतनिसाला हात हलवायला जागा नाही. दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळपास अर्धा तास सर्जनना त्याचा पत्ता नव्हता! हे सगळं गावंडे यांनी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये स्वतःच लिहिलं. यात उपदेश कुठेच नाही. काम चालू असताना माणूस स्वतःला बघू शकत नाही, म्हणून दुसऱ्याने बघायचं, एवढंच.

गैरसमज : कोच आपल्या धंद्यातला मुरलेला हवा.

ऑस्टीन तसे होते. पण गूगलचे तेव्हाचे सीईओ एरिक श्मिट यांचे कोच बिल कॅम्पबेल इंजिनिअर नव्हते, एकेकाळी ते कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. कोच घ्या असं सुचवलं गेलं तेव्हा श्मिट आधी चिडलेच होते, नंतर तेच कोचिंगचे पुरस्कर्ते झाले. कॅम्पबेल बघायचे ते माणसांकडे : बैठकीत कोण गप्प बसलंय, कोणाचं कोणाशी पटत नाही.

गैरसमज : २१ दिवसांत माणूस बदलतो.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचं हे लाडकं वाक्य. मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यासपीठावर येईपर्यंत त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी स्वभाव आला. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग काढला, त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. जेवणासोबत फळ खाणं, संध्याकाळी धावणं असल्या साध्या सवयी अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, तेही कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. टीमवर न खेकसण्याची सवय याहून लवकर लागेल, असं मला तरी वाटत नाही.

गैरसमज : कोचची पाटी म्हणजे पात्रतेची खूण.

भारतात कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रशिक्षणाचे आणि प्रत्यक्ष कोचिंगचे तास मोजून श्रेणी देतात, पण ती घेणं ऐच्छिक आहे. त्यामुळे फी ठरवण्याआधी तास विचारावेत. आणि पैसे कंपनी भरणार असेल, तर आपलं बोलणं एचआरपर्यंत जाणार का आणि किती, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावं, शक्यतो लेखी.