मोकळा सोडलेला पक्षी शो संपल्यावर परत का येतो? उत्तर स्टेजमागच्या वजनकाट्यावर आहे

सिंगापूरची सहल करून आलेल्या नातेवाइकांच्या फोनमध्ये हा व्हिडिओ हमखास सापडतो. निळे-पिवळे मकाव पोपट प्रेक्षकांच्या डोक्यावरून झेपावतात, हवेत एक फेरी मारतात आणि बरोबर प्रशिक्षकाच्या हातावर येऊन बसतात. पायात ना दोरी, ना साखळी.

असा व्हिडिओ पोस्ट झाला की कमेंट्समध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, "किती गोड, किती जीव लावलाय!" दुसरा म्हणतो, "उपाशी ठेवत असतील बिचाऱ्यांना." मग खरं काय? त्यासाठी शोच्या आधी स्टेजमागे काय चालतं, ते बघावं लागेल.

दिवसाची सुरुवात वजनाने

सिंगापूरचं जुरोंग बर्ड पार्क १९७१ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. तिथले पक्षी मंडाई भागातल्या 'बर्ड पॅराडाइज' या नव्या उद्यानात गेले आणि मे २०२३ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथे असो किंवा अमेरिका-युरोपातल्या एखाद्या झूमध्ये, मोकळ्या उड्डाणाचे शो साधारण एकाच पद्धतीने चालतात.

सकाळचं पहिलं काम म्हणजे वजन. स्वयंपाकघरात असतो तसा डिजिटल काटा, त्यावर बसायला एक लाकडी दांडी. पक्ष्याला पकडून काट्यावर ठेवत नाहीत. तो स्वतः येऊन बसतो, त्याबद्दल त्याला खाऊ मिळतो आणि ग्रॅममधला आकडा नोंदवला जातो. त्या आकड्यावरून दिवसभराचा खुराक ठरतो. त्यातला काही भाग प्रशिक्षकाच्या कमरेच्या पिशवीत जातो. पोपटांसाठी शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाच्या बिया. शिकारी पक्ष्यांसाठी मांसाचे बारीक तुकडे.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? कारण मोठ्या मकावचं वजनही जेमतेम किलोभर भरतं. गव्हाणी घुबड साधारण ४०० ग्रॅमचं असेल, तर ४० ग्रॅमचा फरक म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा. सत्तर किलोच्या माणसाचं सात किलो वजन घटल्यासारखंच ते झालं.

शिट्टी म्हणजे 'खाऊ येतोय'

प्रशिक्षणाचं मूळ तत्त्व साधं आहे. ज्या कृतीनंतर काही चांगलं मिळतं, ती कृती प्राणी पुन्हा करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून याचा सखोल अभ्यास केला. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आणलं आणि प्राण्यांच्या प्रशिक्षणाचा व्यवसाय सुरू केला.

अडचण अशी, की पक्षी पन्नास फुटांवर हवेत असताना त्याच्या चोचीत दाणा कसा देणार? म्हणून मध्ये शिट्टी किंवा 'टिक' असा आवाज करणारा क्लिकर येतो. आधी आवाज, लगेच खाऊ, असं पुन्हा पुन्हा केलं की पक्ष्याला कळतं, आवाज आला म्हणजे खाऊ नक्की.

उड्डाण शिकवायची सुरुवात एका पावलाच्या अंतरापासून होते. दांडीवरून हातावर. मग दोन फूट, दहा फूट, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे जायचं पक्कं झालं, की मगच मोकळं आकाश.

पूर्वी पोपटांच्या शोमध्ये छोटी सायकल चालवणं, स्केटिंग करणं असले प्रकार चालत. १९७६ मध्ये सॅन डिएगो वाइल्ड अ‍ॅनिमल पार्कमध्ये स्टीव्ह मार्टिन (हॉलिवूडचा अभिनेता नव्हे, पक्षी प्रशिक्षक) यांनी मोकळ्या उड्डाणाचा शो सुरू केला आणि चित्र बदलू लागलं. पक्षी जंगलात जे करतो तेच लोकांना दाखवायचं, ही कल्पना नंतर जगभर पसरली.

मग उपाशी ठेवतात की नाही?

इथे कमेंटमधला दुसरा गट पूर्ण चुकीचा नाही. पोट गच्च भरलेला पक्षी शेंगदाण्यासाठी उडत येणार नाही. त्यामुळे शोच्या आधी त्याला थोडी भूक असावी, अशी वेळ साधली जाते. याला वजन व्यवस्थापन म्हणतात.

प्रश्न 'थोडी' म्हणजे किती, हा आहे. स्किनर यांच्या पठडीतल्या प्रयोगशाळांमध्ये कबुतरांचं वजन भरपेट असतानाच्या वजनाच्या साधारण ८० टक्क्यांवर आणण्याची पद्धत रूढ होती. आजचे चांगले प्रशिक्षक उलट दिशेने जातात. एकूण खाणं कमी करण्याऐवजी आवडीचा पदार्थ शोसाठी राखून ठेवायचा, बाकीचं जेवण नंतर पूर्ण द्यायचं आणि वजन जितकं जास्त ठेवता येईल तितकं ठेवायचं. पक्षी आला नाही, तर खाणं आणखी कापण्याआधी कारण शोधायचं. तो घाबरलाय का? आजारी आहे का? विणीचा हंगाम आहे का?

काटा दोन्ही कामं करतो. त्यावरूनच पक्ष्याला वाचवता येतं आणि त्यावरूनच पिळताही येतं. पण उपासमार कायम लपत नाही. पीस वाढत असताना पक्ष्याचे खाण्याचे हाल झाले, तर त्या पिसावर आडवी, कमकुवत रेघ उमटते आणि पीस तिथेच तुटू शकतं.

उडून जात नाहीत का?

कधीकधी जातात. जोराचा वारा भरकटवतो किंवा परिसरातले कावळे आणि घारी मागे लागतात. म्हणून हवामान वाईट असेल तर शो रद्द होतो आणि अनेक शिकारी पक्ष्यांच्या अंगावर छोटा रेडिओ ट्रान्समीटर असतो. बहुतेक पक्षी परत येतात, कारण जागा ओळखीची असते, सुरक्षित वाटते आणि परतण्याचा आजवरचा अनुभव चांगला असतो.

पक्ष्याला यातून काय मिळतं?

खाऊ, उडण्याचा व्यायाम आणि आणखी एक मोठी गोष्ट. शिट्टी आणि खाऊच्याच पद्धतीने पक्ष्याला नखं कापून घेणं, पंख पसरून दाखवणं, स्वतःहून प्रवासाच्या पेटीत शिरणं शिकवता येतं. एरवी यासाठी जाळं टाकून धरावं लागतं. करकोचा, फ्लेमिंगो यांसारख्या लांब पायांच्या पक्ष्यांमध्ये या धरपकडीच्या ताणाने स्नायू निकामी होऊन मृत्यूही होऊ शकतो. २०२२ मध्ये बर्ड फ्लूमुळे अमेरिकेतल्या अनेक झूंना पक्षी घाईने आत हलवावे लागले. अशा वेळी पेटीत आपणहून शिरणारा पक्षी आणि कोपऱ्यात कोंडून पकडलेला पक्षी यांतला फरक जीवावरचा असतो.

आणि आपला पोपटवाला ज्योतिषी?

तत्त्व तेच आहे. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येतो, चिठ्ठी उचलतो, दाणा मिळतो, आत जातो. पण त्याचे पंख बहुतेकदा कापलेले असतात. शोमधला मकाव निघून जाऊ शकतो, पोपटवाल्याचा पोपट नाही. शिवाय भारतीय पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

पुढची रील शेअर करण्याआधी

पंख पूर्ण आहेत का, ते बघा. पक्षी उडतोय, शोधतोय, शिकार करण्याची पद्धत दाखवतोय, की टोपी घालून सायकल चालवतोय? सेल्फीसाठी तो एका हातातून दुसऱ्या हातात फिरवला जातोय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्ष्याने 'आज नाही' असं ठरवलं तर काय होतं? चांगल्या शोमध्ये अशा वेळी प्रशिक्षक हसून माइकवर सांगतो, की आज याचा मूड नाही, आणि पुढच्या पक्ष्याला बोलावतो. लाइक करायचंच असेल, तर त्या व्हिडिओला करा.