मापबरहुकूम रणगाडा

व्याख्या

मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागून घडवलेली वस्तू म्हणजे प्रमाणबद्ध प्रतिकृती. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी कोणाचे काही बिघडत नाही. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मात्र ही मुभा नाही. लष्करी वाहनाच्या बाबतीत अचूकतेची दोन अंगे असतात. पहिले मापाचे : लांबी, रुंदी, चाकांमधील अंतर, चिलखती पत्र्यांचा कल. दुसरे अवस्थेचे : अमुक एक वाहन अमुक दिवशी कसे दिसत होते. एकाच कारखान्यातून आलेले दोन रणगाडे वर्षभराने सारखे राहत नाहीत. एकाचा मडगार्ड चेपतो, दुसऱ्यावर जादा पेटी चढते, तिसऱ्याची तोफच बदलली जाते. तयार संचातून माप बऱ्याच अंशी मिळते. अवस्था शोधून काढावी लागते, आणि खरे काम तेथेच असते.

नमुना : ‘फामागुस्ता’

मराठी मुलखात या अभ्यासासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. तेथील आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल हे भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र. १९९४ साली त्याच्या पुढाकाराने रणगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले. सेंच्युरियन, विजयंता, शर्मन, व्हॅलेंटाइन, मटिल्डा, चर्चिल आणि पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन असे अनेक रणगाडे तेथे जवळून पाहता येतात. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमधून लढले, तो ‘फामागुस्ता’ नावाचा, जेएक्स २०२ क्रमांकाचा रणगाडाही युद्धानंतर दुरुस्त होऊन अहिल्यानगरच्या याच केंद्रात जतन झाला आहे. खेत्रपाल पूना हॉर्सचे अधिकारी होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

‘दुरुस्त होऊन’ हे दोन शब्द प्रतिकृती करणाऱ्याने अधोरेखित करावेत. जतन केलेला रणगाडा मापांचा उत्तम साक्षीदार असतो. अवस्थेचा साक्षीदार म्हणून तो कच्चा ठरतो. दुरुस्तीत पत्रे बदलतात, प्रदर्शनासाठी नवा रंग चढतो, गहाळ झालेले भाग दुसऱ्या रणगाड्याचे बसवले जातात. म्हणून माप उभ्या रणगाड्यावरून घ्यावे आणि अवस्था त्या काळच्या छायाचित्रांवरून ठरवावी. शिवाय क्षणही निवडावा लागतो. १६ डिसेंबरच्या सकाळचा, अजून गोळा न लागलेला ‘फामागुस्ता’ ही एक प्रतिकृती. लढाईनंतरचा जळका सांगाडा ही दुसरी.

प्रमाण

रणगाड्यांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे, आणि त्याचा उगम मुळीच शास्त्रीय नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. आत मोटर व बॅटऱ्या मावतील एवढा साचा धरला गेला, आणि नंतर मोजल्यावर प्रमाण सुमारे १:३५ निघाले. संच खपला, पुढचे संच त्याच मापात आले, इतर उत्पादकांनीही तेच उचलले. बाकीची प्रमाणे फूट-इंचांतून आलेली आहेत. १:७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच, १:४८ म्हणजे फुटाला पाव इंच. १:७६ हे खेळण्यातील रेल्वेच्या फुटाला चार मिलिमीटर या मापातून आले. म्हणूनच १:७६ चा सैनिक १:७२ च्या रणगाड्याशेजारी किंचित बुटका दिसतो.

सेंच्युरियनचा सांगाडा सुमारे ७.६ मीटर लांब आणि ३.३९ मीटर रुंद, तर बुरुजासह उंची ३ मीटर. १:३५ मध्ये ही मापे अनुक्रमे २१७, ९७ आणि ८६ मिलिमीटर होतात. १:७२ मध्ये रुंदी ४७ मिलिमीटरच उरते. घरातल्या टेबलावर काम करणाऱ्याला १:३५ का सोसते, ते या आकड्यांवरून कळते : कुलुपाच्या कडीइतका तपशील दिसतो आणि वस्तू शेल्फातही मावते.

संच आणि वालीवचे गाळे

प्रतिकृतीचा संच पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा, इंजेक्शन मोल्डिंगने केलेला असतो. ही प्रक्रिया समजून घ्यायची तर वसई पूर्वेचा वालीव, गोखिवरे, सातिवली हा पट्टा उत्तम शाळा आहे. येथील गाळ्यांत रणगाड्यांचे संच होत नाहीत, पण झाकणे, डबे, विजेच्या बटणांची आवरणे ज्या रीतीने होतात तीच रीत संचाचीही असते. प्लास्टिकचा दाणा हॉपरमध्ये पडतो, तापलेल्या बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू तो दाबाने पोलादी डायमध्ये ढकलतो, डाय थंड होऊन उघडतो आणि पिना तो भाग बाहेर लोटतात.

संचातील जवळजवळ प्रत्येक दोष या साखळीतल्या एखाद्या कडीकडे बोट दाखवतो. डायचे दोन अर्धे जेथे मिटतात तेथे भागावर बारीक रेघ उमटते. डाय झिजला किंवा नीट दाबला गेला नाही तर त्याच रेघेतून पापुद्रा बाहेर येतो. कारागीर त्याला फ्लॅश म्हणतात. लोटणाऱ्या पिनांचे गोल वळ भागाच्या आतल्या बाजूस राहतात. भिंत जेथे जाड असते तेथे प्लास्टिक उशिरा थंड होऊन आत ओढले जाते आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. भाग अडकू नये म्हणून सरळ भिंतींना थोडा उतार ठेवावा लागतो, त्यामुळे संचातील ‘चौकोनी’ पेटी काटेकोर चौकोनी नसतेच. पॉलिस्टायरिन थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसते. २१७ मिलिमीटरच्या सांगाड्यात हा फरक एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मूळ रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. हे गणित धरून डाय मुळातच मोठा कापतात. टूलरूममध्ये पाच मिनिटे उभे राहिलेला माणूस संचाचा डबा उघडताच कोठे घासायचे आणि कोठे भरायचे ते ओळखतो.

अर्थकारणही येथेच समजते. पोलादी डाय महाग. तो हजारो नगांवरच परवडतो. ज्या वाहनाला जगभरात गिऱ्हाईक थोडे, त्याच्या वाट्याला डाय येत नाही. ब्रिटिश सेंच्युरियनचे चांगले संच मिळतात, कारण तो अनेक देशांच्या सैन्यांत होता. चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात बनलेल्या विजयंताकडे वळायचे तर रेझिनचे ओतीव भाग, थ्रीडी प्रिंटिंग किंवा प्लास्टिक पत्र्यापासून स्वहस्ते घडण, एवढेच मार्ग उरतात.

पुरावे

छायाचित्रावरून माप काढता येते, मात्र ते दुरून, मोठ्या लेन्सने आणि बाजूला काटकोनात उभे राहून काढलेले हवे. जवळून टिपलेल्या चित्रात पुढचे चाक मागच्यापेक्षा मोठे दिसते आणि सगळे प्रमाण फसते. चित्रातील एक माप खात्रीचे असेल तर इतर मापे त्रैराशिकाने निघतात. छापील आराखड्यांवर आंधळा विश्वास नको. एका आराखड्यातली चूक पुढच्या दहा आराखड्यांत उतरलेली असते.

तोफ हे तपासणीचे चांगले ठिकाण. सेंच्युरियनवर अगदी सुरुवातीच्या १७ पौंडी तोफेनंतर २० पौंडी तोफ आली, तिचा व्यास सुमारे ८४ मिलिमीटर. पुढे १०५ मिलिमीटरची एल-७ तोफ आली. १:३५ मध्ये या शेवटच्या दोन तोफांची भोके २.४ आणि ३ मिलिमीटरची होतात, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. २० पौंडी तोफेच्याही काही नळ्यांवर मध्यावर धूर बाहेर टाकणारा फुगवटा असतो, काहींवर नसतो. संचाच्या डब्यावरचे चित्र काय दाखवते याला येथे किंमत नाही. निवडलेल्या रणगाड्याच्या छायाचित्रात काय आहे तेवढेच धरायचे.

जोडणी

भाग संचातल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून पक्कडीने तोडतात, उरलेला ठोंब कानसीने व पॉलिश पेपरने घासतात, आधी कोरडे जुळवून पाहतात आणि मगच चिकटवतात. पॉलिस्टायरिनचे द्रावण हा खऱ्या अर्थाने गोंद नव्हे. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते, त्यामुळे सांधा वेल्डिंगसारखा होतो. धातू किंवा रेझिनच्या भागांवर ते चालत नाही. तेथे फेविक्विकच्या जातीचा गोंद वापरावा लागतो. फटी भरायला दोन भागांचा एम-सील पुरतो, मात्र बारीक कामासाठी तो फार भरड आहे.

पृष्ठभागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सेंच्युरियनचा सांगाडा लाटलेल्या पत्र्यांचा, वेल्डिंगने जोडलेला. त्याचा बुरूज मात्र ओतीव, फक्त छताचे पत्रे जोडलेले. म्हणून सांगाडा गुळगुळीत आणि बुरूज खरखरीत असायला हवा. युक्ती सोपी आहे. बुरुजावर द्रावणाचा पातळ हात द्यावा, प्लास्टिक मऊ पडताच जुन्या, केस तुटलेल्या ब्रशने ते टोकून काढावे, आणि वाळल्यावर उंचवटे हलकेच घासावेत. छताचे पत्रे झाकून ठेवावेत. वेल्डिंगची रेघ बारीक पोताच्या पुट्टीच्या केसाएवढ्या वळीवर सुरीच्या पात्याने खुणा करून उठवता येते. तोफेच्या मुळाशी असलेले कॅनव्हासचे आवरण टिश्यू पेपर आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने होते. टिश्यू ओला असतानाच त्याला सुरकुत्या पाडाव्या लागतात.

चाकांची रचना यंत्राला धरून असावी. सेंच्युरियनच्या प्रत्येक बाजूला सहा चाके आहेत, पण ती सुटी नाहीत. हॉर्स्टमन पद्धतीच्या तीन गाड्यांवर दोन-दोन चाके स्प्रिंगने जोडलेली असतात. खडबडीत जमिनीवर दाखवताना एक चाक वर गेले की त्याच जोडीतल्या दुसऱ्यावर परिणाम दिसायला हवा. पट्ट्याला ओढणारे दातेरी चाक मागे असते, कारण इंजिन व गिअरबॉक्स मागे आहेत.

प्रमाणाला न जुमानणाऱ्या गोष्टी

लांबी ३५ ने भागली तर क्षेत्रफळ १,२२५ ने आणि आकारमान ४२,८७५ ने भागले जाते. ५२ टनांचा सेंच्युरियन या हिशेबाने सव्वा किलोच्या जवळपास भरायला हवा. प्लास्टिकची पोकळ प्रतिकृती त्याहून पुष्कळ हलकी असते. खरा पट्टा स्वतःच्या वजनाने चाकांवर लोंबतो, प्लास्टिकचा ताठ राहतो. म्हणून तो लोंब गोंदाने किंवा तारेने मुद्दाम आणावा लागतो. बाजूचे चिलखती पडदे लावलेले असतील तर पट्ट्याचा वरचा भाग झाकलाच जातो आणि हा उपद्व्याप वाचतो.

जाडीही अशीच फसवते. डायमध्ये एक मिलिमीटरपेक्षा फार पातळ भिंत भरवणे अवघड, आणि एक मिलिमीटर म्हणजे मूळचे ३५ मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटरचा मडगार्ड संचात चिलखतासारखा जाड दिसतो तो यामुळे. आम्लाने कोरलेला ०.१ मिलिमीटर पितळी पत्रा ३.५ मिलिमीटरच्या बरोबरीचा ठरतो, म्हणून मडगार्ड, जाळ्या, पट्ट्या त्याच्या करतात. थ्रीडी प्रिंटरचा ०.०५ मिलिमीटरचा थर म्हणजे मूळचे १.७५ मिलिमीटर, घासल्याशिवाय पायऱ्या दिसतात.

रंग

रंगाचेही प्रमाण असते, असा एक मतप्रवाह आहे : दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, तेव्हा लहान प्रतिकृतीचा रंगही फिका करावा. तत्त्व पटण्याजोगे, पण टक्केवारीची जी सूत्रे सांगितली जातात ती फार मनावर घेऊ नयेत. किंचित पांढरा मिसळावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावे.

प्रायमर, मूळ रंग, क्रमांक-चिन्हे, खाचांत पातळ गडद रंग, आणि शेवटी धूळ-चिखल असा क्रम असतो. वसईच्या पावसाळ्यात यातला पहिलाच टप्पा नडतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. कोरडी दुपार मिळेपर्यंत एअरब्रश बाजूला ठेवणे हाच इलाज. झीज यंत्राप्रमाणे दाखवावी : दातेरी चाकाचे दात आणि पट्ट्याचा जमिनीला लागणारा भाग चकचकीत, चढण्या-उतरण्याच्या जागी रंग घासलेला, जिथे कोणाचा हातपाय पोहोचत नाही तेथे नुसती धूळ. सरसकट गंज शिंपडणे चूक आहे. वापरातल्या रणगाड्याची निगा राखली जाते. मातीही त्याच भूमीची हवी. बसंतरच्या रणगाड्यावर कोकणातला तांबडा चिखल चढवला की बाकीची सारी मेहनत वाया जाते.

उपयोग

दुसऱ्या महायुद्धात शत्रू-मित्रांची विमाने ओळखायला शिकवण्यासाठी १:७२ च्या प्रतिकृती वापरात होत्या. आज संग्रहालये, चित्रपट आणि लष्करी संस्थांची स्मृतिदालने त्या वापरतात. अभ्यासकाला मिळणारा लाभ वेगळा : एखादी झडप कोठे आहे एवढे वाचून भागत नाही, ती तेथेच का आहे हे बसवताना उमगते.

जतन

क्रमांक-चिन्हांच्या डिकॅलची पारदर्शक फिल्म उन्हाने पिवळी पडते. पितळी भागांवरची धूळ फडक्याने पुसता येत नाही, ती मऊ ब्रशनेच काढावी लागते. किनारपट्टीच्या दमट हवेत बंद पेटी आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. १:३५ च्या सेंच्युरियनची लांबी तोफेसह सुमारे २८ सेंटिमीटर भरते; त्याला ३२ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १४ उंच अशी ॲक्रिलिकची पेटी पुरते.