घरचा झेंडू : खराडीच्या गॅलरीतली लागवड आणि निगा

झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात गेला आणि पोर्तुगीजांबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला, असे सामान्यतः मानले जाते. दसऱ्याच्या जुन्या विधीत मान आपट्याच्या आणि शमीच्या पानांना, घटाभोवती उगवलेल्या धान्याला. झेंडू त्या मानाने नवा पाहुणा. तरीही आज झेंडूशिवाय दसरा कोणाला सुचत नाही. मेक्सिकोतही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी पितरांच्या वेद्या याच फुलाने भरतात. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच ऋतूत एकच फूल उचलावे, यामागे झाडाचा स्वभाव आहे. मोठ्या फुलाचा झेंडू दिवस लहान होऊ लागले की लवकर फुलतो. मेक्सिको शहर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे, तर पुणे साडेअठरा अंशांवर. दोन्हीकडे दिवस सारख्याच गतीने लहान होतात आणि सप्टेंबरनंतर झेंडूला बहर येतो. घरी झेंडू लावणाऱ्याने खतापाण्याआधी ही गोष्ट समजून घ्यावी, कारण कुंडीतल्या झेंडूच्या बहुतेक तक्रारी प्रकाशाच्या आणि पेरणीच्या तारखेच्या असतात.

घरगुती लागवडीत दोन जाती येतात. टॅजेटिस इरेक्टा हा हारातला मोठा गोंडा. त्याला इंग्रजी वळणाने आफ्रिकन झेंडू म्हणतात, पण आफ्रिकेशी त्याचा संबंध फक्त प्रवासापुरता. टॅजेटिस पॅट्युला म्हणजे फ्रेंच झेंडू, आपल्याकडची मखमल. लहान फुलाचा, तपकिरी-पिवळ्या पाकळ्यांचा आणि बुटका. दोन्हींना शास्त्रीय नावे लिनिअसने १७५३ मध्ये दिली. ‘पॉट मॅरिगोल्ड’ या नावाने बियांच्या पाकिटात मिळणारा कॅलेंड्युला मात्र वेगळ्याच प्रजातीचा. तो थंडीतच बरा येतो आणि तोरणाच्या कामाचा नाही. पाकीट घेताना ही गल्लत बरेचदा होते.

मोठ्या झेंडूतही निवड आहे. शेतात घेतले जाणारे उंच वाण तीन फुटांच्या वर जातात, पसरतात आणि फुलांच्या वजनाने कलतात. त्यांना गच्ची किंवा सोसायटीच्या बागेतला वाफाच हवा. इंका या नावाने मिळणारे संकरित वाण फूटभर उंचीवरच मोठी फुले देतात, म्हणून कुंडीला तेच योग्य. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे वाण नावाजलेले असले, तरी पेरणीपासून फुलायला सव्वाशे दिवसांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त घेतात. जुलैत पेरून दसऱ्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती तोवर नुसता पाला लागतो. बाजारात ‘कलकत्ता’ म्हणून विकला जाणारा घट्ट गोंड्याचा झेंडू हारासाठी उत्तम. बंगालकडे अशा वाणांची रोपे बऱ्याचदा बियांऐवजी शेंड्याच्या छाटांपासून करतात. ही युक्ती घरीही जमते: बोटभर लांबीचा, कळी नसलेला शेंडा ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत ठेवला, तर दहा-पंधरा दिवसांत मुळे धरतो.

खराडी पुण्याच्या पूर्व कडेला, मुळा-मुठेच्या उत्तर काठावर आहे. एकेकाळच्या शेताशिवारावर आता ईऑन आयटी पार्क आणि त्याच्याभोवती उंच इमारती उभ्या आहेत. घरची बाग म्हणजे येथे बहुधा गॅलरी. तिची दिशा कोणती, यावर अर्धा निकाल लागतो. झेंडूला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत पावसाळ्यात ढग नसले तरी थेट ऊन जेमतेम येते. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेला कलतो, डिसेंबरात तर दुपारीही ४८ अंशांपर्यंतच चढतो, आणि ऊन गॅलरीत खोलवर शिरते. दक्षिणेची गॅलरी ही दिवाळीनंतरच्या झेंडूची जागा. दसऱ्याच्या फुलांसाठी गच्ची किंवा मोकळी पूर्व बाजू बरी. पश्चिमेलाही झेंडू येतो, पण मार्च-एप्रिलच्या दुपारी भिंत तापते आणि कोळी किडीला आयते आमंत्रण मिळते. उत्तरेच्या गॅलरीत झेंडूचा हट्ट धरू नये. समोरच दुसरा टॉवर असेल, तर दिशा मोजण्याऐवजी एक दिवस ऊन किती वेळ पडते ते पाहून ठेवावे. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो. तेथे उंच वाण मोडतात.

पेरणी तिथीवरून उलट मोजून ठरते. मोठ्या झेंडूला पुण्याच्या पावसाळी हवेत पेरणीपासून भर फुलांपर्यंत, शेंडा खुडण्याचे दिवस धरून, साधारण ७५ ते ८५ दिवस लागतात; मखमलीला ५० ते ६०. पण दसरा दरवर्षी जागचा हलतो. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला; २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा २० ऑक्टोबरला. म्हणजे २०२५ च्या दसऱ्यासाठी जुलैच्या मध्यावर पेरणे योग्य होते, तर २०२६ साठी ऑगस्टचा पहिला आठवडा. ‘आषाढात झेंडू लावायचा’ हा ठोकताळा तिथीचा असल्याने बराचसा बरोबर ठरतो. चुकतो तो इंग्रजी महिना पाठ करून ठेवणारा. दसरा आणि लक्ष्मीपूजन यांत बहुधा एकोणीस-वीस दिवसांचे अंतर असते. दसऱ्याला पहिला बहर खुडला आणि झाडाला एक खत दिले, तर त्याच झाडांवर दिवाळीची फुले मिळतात. दिवाळीसाठी वेगळी पेरणी करण्याची गरज नाही.

किती झाडे लावायची याचा अंदाज आधीच घ्यावा. तीन फूट रुंदीच्या दाराच्या तोरणाला मोठी वीसेक फुले लागतात. कुंडीतल्या चांगल्या झाडावर एका वेळी पाच-सहा फुले खुडण्याजोगी असली तरी खूप. म्हणजे एका तोरणासाठी चार-पाच कुंड्या. देवाचा आणि गाडीचा हार धरला तर त्याच्या दुप्पट. उरलेली गरज गुलटेकडीच्या फूलबाजारातून, पुरंदर-दौंडच्या शेतांतून आलेल्या मालावरच भागते आणि त्यात कमीपणा काही नाही. परतीच्या पावसाने भिजलेला झेंडू मातीमोलाने जातो, तेव्हा आडोशाच्या गॅलरीतली फुले मात्र कोरडी राहतात, हा घरच्या झेंडूचा खरा फायदा.

बी पेरण्यासाठी ट्रे, दह्याचे रिकामे डबे, काहीही चालते, फक्त तळाला भोक हवे. कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत यांचे मिश्रण ओले करून बी आडवे टाकावे आणि वर पाव इंच थर द्यावा. चार ते सात दिवसांत उगवण होते. पावसाळ्यात रोपे याच टप्प्यावर कोलमडतात: जमिनीलगत देठ काळा पडतो आणि रोप आडवे होते. हा बुरशीचा रोग दाट पेरणी आणि सततच्या ओलीमुळे येतो. विरळ पेरणे, पाऊस थेट पडू न देणे आणि मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळणे हे त्यावरचे उपाय. चार-पाच पाने आली की, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांनी, रोप संध्याकाळी कुंडीत लावावे. ज्यांना इतका व्याप नको, त्यांच्यासाठी सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिका आहेत. तेथे कळी फुललेले झाड घेण्याचा मोह टाळावा. इवल्याशा पिशवीत फुललेले रोप पुढे वाढत नाही. बिनकळीचे, बुटके, गर्द हिरवे रोप निवडावे.

मोठ्या झेंडूला दहा इंची कुंडी आणि तीत एकच रोप. मखमल आठ इंचीत भागते, लांबट कुंडीत वीतभर अंतरावर ओळीनेही लावता येते. माती हा खराडीतला अडचणीचा विषय. इमारतीभोवती उरलेली माती म्हणजे बहुधा मुरूम, काळी चिकण आणि बांधकामाचा राडारोडा. त्यातल्या सिमेंट-चुन्याने ती विम्लधर्मी होते, आणि नुसती काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते. तीन भाग पोयटा, दोन भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड एवढे पुरेसे आहे. अनेक सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचे खत जागेवरच तयार होते आणि ते फुकट मिळते. पण ते पुरते मुरलेले असावे. गरम लागणारे किंवा आंबूस वास येणारे खत मुळे जाळते. महिनाभर पसरून ठेवल्यावर, मातीसारखा वास आला, की वापरावे.

लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी मोठ्या झेंडूचा शेंडा खुडावा. वरची पहिली कळी काढायला हात धजत नाही, पण न खुडलेले झाड एक मोठे फूल देऊन उंच होते, खुडलेले झाड बाजूने फुटून आठ-दहा फांद्या देते. खुडण्याने फुले आठवडाभर लांबतात, म्हणून सणाच्या महिनाभर आधी कात्री खाली ठेवावी. मखमल आपणच फुटते, तिला खुडण्याची गरज नाही.

पाणी बोट मातीत खुपसून, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच द्यावे. ते मुळाशी द्यावे. फुलांवरून ओतल्यास गोंड्यात साचून पाकळ्या तपकिरी होतात. पूर्व पुण्याला २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचे पाणी मिळू लागले असले, तरी टँकर आणि बोअर सुटलेले नाहीत. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या झेंडूची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. मातीत लोह असते, पण विम्लतेमुळे मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी आणखी नत्र देणे व्यर्थ. चिलेटेड लोहाची फवारणी आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी हा इलाज. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालण्याची काटकसर अनेक घरांत दिसते. त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, त्यामुळे ते फरशी पुसायलाच ठेवावे.

खताच्या बाबतीत अतिलाडाने झेंडू बिघडतो. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार आणि फुलांच्या नावाने शून्य. पहिल्या महिन्यात दर पंधरवड्याला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, कळ्या दिसल्यावर पालाश जास्त असलेले खत, आणि सुकलेली फुले देठासकट वेळच्या वेळी काढणे. एवढ्यावर झाड दीड-दोन महिने फुलते. चार-पाच महिन्यांनी ते वार्षिक झाड संपते. त्याला छाटून, खत घालून जगवण्याच्या खटाटोपापेक्षा नवे रोप बरे.

किडींत सर्वात त्रासदायक लाल कोळी. पाने राखी, ठिपकेदार होतात, पानाखाली बारीक जाळे दिसते. कोरड्या हवेत आणि तापलेल्या गॅलरीत तो झपाट्याने पसरतो. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सलग काही दिवस मारणे हा पहिला उपाय, तेवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारणी. मावा आणि पिठ्या ढेकणालाही हेच लागू पडते. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पडून करपा येतो आणि कळ्या कुजतात. ती पाने तोडून टाकावीत आणि कुंड्यांत अंतर वाढवावे. गोगलगायी रात्री रोपे खातात, त्या हाताने वेचणेच खरे.

झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थिएनिल नावाचे द्रव्य असते आणि ते सूत्रकृमींना मारक ठरते. टोमॅटोच्या शेतात चौदा ते सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावतात, ती फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाने अंडी तेथे घालावीत म्हणून. हे दोन्ही परिणाम दाट, शेतभरच्या लागवडीचे आहेत. टोमॅटोच्या कुंडीशेजारी एक झेंडू ठेवला की कीड पळते, किंवा गॅलरीतल्या दोन झाडांनी डास जातात, हा समज सोडून द्यावा.

तोरण वाळल्यावर त्याचे बी कुंडीत कुसकरण्याची चाल जुनी आहे. ते अनेकदा उगवते, पण बाजारचा झेंडू बहुधा संकरित असल्याने पुढची फुले आईसारखी निघतील याची खात्री नसते. बरीच एकेरी, पातळ निघतात. शिवाय घट्ट गोंड्यात बहुतेक फुलके मादी असतात, त्यांना बी धरायला मधमाशी यावी लागते, आणि बाराव्या मजल्यावर ती क्वचितच येते. बी धरायचे तर देशी किंवा मखमलीच्या झाडावर दोन उत्तम फुले न खुडता राखून ठेवावीत, पाकळ्या करकरीत वाळून देठ तपकिरी झाला की काढावीत, आणि काळे, टपोरे बी कागदी पाकिटात वाण व तारीख लिहून ठेवावे. एका वर्षानंतर उगवण घटत जाते.

नदीपलीकडे मुंढवा-मांजरी रस्त्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेचे फुलशेतीच्या संशोधनाला वाहिलेले संचालनालय आहे. वाणांचा खल तेथे चालू राहो; गॅलरीसाठी मात्र निवड सोपी आहे: दहा कुंड्यांची जागा आणि सहा तासांचे ऊन असेल तर मोठा बुटका झेंडू, त्याहून कमी असेल तर मखमल. दिवाळीच्या फराळानंतर दक्षिणेच्या गॅलरीत पेरलेली मखमल संक्रांतीपर्यंत फुलते, आणि गुढीच्या हाराची फुले हवी असतील तर मोठ्या झेंडूचे बी, पाडव्याच्या तिथीवरून उलट मोजून, ७५ ते ८५ दिवस आधी पडलेले असावे.