‘अंडरवॉटर’ (२०२०): पाण्याचा दाब, समुद्रातला राक्षस आणि प्रेक्षकांचा कौल

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये आपण एक सूत्र शिकतो: द्रवातील दाब म्हणजे घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार. सूत्र इतके सोपे आहे की त्याची भीती वाटत नाही. ती वाटावी म्हणून मी वर्गात ‘अंडरवॉटर’ या इंग्रजी भयपटाचे उदाहरण देतो. विल्यम युबँक दिग्दर्शित हा चित्रपट १० जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर सपशेल पडला. तो का पडला आणि तरीही काही प्रेक्षकांना का आवडत राहिला, याचे उत्तर मला त्या सूत्रात सापडते.

कथा थोडक्यात अशी. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर खोल, एका कंपनीचे ड्रिलिंग केंद्र आहे. नायिका नोरा (क्रिस्टन स्टुअर्ट) तिथली मेकॅनिकल इंजिनिअर. चित्रपट सुरू होतो तेव्हा ती दात घासत असते. छतातून पाण्याचे थेंब पडतात, आणि पुढच्या मिनिटभरात केंद्राचा मोठा भाग चिरडला जातो. ती पळत दाबरोधक दारापाशी येते. मागून आणखी दोघे धावत येत असतात, पण दार बंद करावे लागते. उरलेले मोजके लोक मग जड सूट घालून समुद्रतळावरून चालत दुसऱ्या ठाण्याकडे निघतात, आणि अंधारात काहीतरी त्यांच्या मागावर असते.

आता आकडे घालू. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १,०२५ किलो आणि खोली ११,००० मीटर धरली तर दाब सुमारे ११० मेगापास्कल येतो, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ १,१०० पट. तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे ११२ टनांचा भार. भरलेले चार दहाचाकी ट्रक एकावर एक ठेवा आणि खाली हात धरा.

या दाबाखाली छतातून थेंब टपकू शकत नाहीत. आत एक वातावरण दाब असेल आणि भिंतीला छिद्र पडले, तर घर्षण सोडून देऊन पाण्याचा वेग टॉरिचेलीच्या नियमाने काढता येतो: दोन, गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. उत्तर येते सेकंदाला सुमारे ४६५ मीटर. बंदुकीच्या गोळ्यांशी तुलना करावी असा हा वेग आहे. चालण्याचेही तसेच. आत साधा वातावरणीय दाब ठेवणाऱ्या कवचसूटमध्ये अमेरिकी नौदलाचा पाणबुड्या २००६ मध्ये २,००० फूट, म्हणजे सुमारे ६१० मीटर खोल गेला. चित्रपटातली मंडळी त्याच्या अठरा पट खोलीवर चालतात. माणूस त्या खोलीवर गेलाच नाही असे नाही. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’मधून गर्तेच्या तळाला पोहोचले. पण ते पोलादी गोलात बसून, आणि त्या गोलाची भिंत सुमारे १२.७ सेंटिमीटर जाड होती. उतरताना एका खिडकीच्या काचेला तडा गेला, तो वेगळाच.

या चुका काढून चित्रपटाची खिल्ली उडवणे सोपे आहे. मीही पहिल्या वर्षी तेच केले. मग लक्षात आले की दिग्दर्शकापुढची अडचण खरी आहे. खऱ्या दाबाखालचा मृत्यू काही मिलिसेकंदांत होतो. भयपटाला तर वेळ लागतो: चाहूल, वाट पाहणे, पळणे, लपणे. पदार्थविज्ञान हा वेळ देत नाही. म्हणून थेंब टपकतात आणि म्हणूनच राक्षस येतो. राक्षस पाठलाग करू शकतो, दाब करू शकत नाही. खोल समुद्रावरच्या बहुतेक भयपटांत प्राणी लागतो तो याच कारणाने, असे मला वाटते. १९८९ या एकाच वर्षी हॉलिवूडने ‘डीपस्टार सिक्स’, ‘लेव्हायथन’ आणि जेम्स कॅमरॉनचा ‘द अॅबिस’ असे तीन समुद्रतळपट आणले. पहिल्या दोहोंत जीवघेणे प्राणी आहेत. ‘अॅबिस’मध्ये खोलीवरच्या माणसाच्या शरीराचे काय होते याला जागा दिली आहे, आणि ऑस्कर (दृश्य परिणामांसाठी) मिळाला तो त्यालाच.

प्रेक्षकांचा कौल कसा वाचायचा

‘अंडरवॉटर’चा खर्च ५ ते ८ कोटी डॉलर सांगितला जातो. जगभरातली कमाई झाली सुमारे ४.१ कोटी. सिनेमास्कोअरवर श्रेणी मिळाली ‘सी’ आणि रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची टक्केवारी पन्नासच्या आत राहिली. पण कोणतेही मापन वाचण्याआधी उपकरण काय मोजते हे विचारायचे, हे आपण प्रयोगशाळेत शिकतो. रॉटन टोमॅटोजची टक्केवारी म्हणजे सरासरी गुण नव्हेत. किती समीक्षकांचा कल अनुकूल, एवढेच ती सांगते. सगळ्यांनी ‘जेमतेम बरा’ म्हटले तरी शंभर टक्के होऊ शकतात. सिनेमास्कोअर पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांना विचारते. ते पैसे देऊन मुद्दाम आलेले असतात, त्यामुळे त्यांची श्रेणी ‘काय अपेक्षा होती आणि काय मिळाले’ यातला फरक मोजते. भयपट इथे नेहमी मार खातात. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या ‘हेरेडिटरी’ला २०१८ मध्ये ‘डी प्लस’ मिळाली होती.

‘अंडरवॉटर’बद्दलच्या तक्रारी मुख्यतः तीन. हा ‘एलियन’ची नक्कल आहे, पात्रांची ओळख होण्याआधीच ती मरू लागतात, आणि गढूळ अंधारात काही दिसत नाही. पहिली मला मान्य आहे. तिसरीबद्दल मात्र प्रेक्षकांशी माझे भांडण आहे. सूर्यप्रकाश १,००० मीटरखाली पोहोचत नाही, आणि ढवळलेल्या गाळात दिव्याचा झोत भिंतीवर पडल्यासारखा थांबतो. जे दिसत नाही म्हणून लोक चिडले, ते त्या चित्रपटातले सर्वांत खरे दृश्य आहे. त्यात चित्रीकरण २०१७ चे, मध्ये कंपनीची मालकी बदललेली, आणि प्रदर्शनाला जानेवारी महिना, ज्यात हॉलिवूड भरवसा नसलेले चित्रपट उरकून घेते. त्याच आठवड्यात ‘१९१७’ सर्वत्र लागला होता.

(चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) शेवटी दिसणारा महाकाय प्राणी म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९२८ च्या कथेतला क्थुलू, असे युबँक यांनी नंतर मुलाखतींत सांगितले. त्यानंतर लव्हक्राफ्टच्या वाचकांनी चित्रपट पुन्हा काढून पाहिला आणि घरबसल्या पाहणाऱ्यांत त्याचा स्वतःचा चाहतावर्ग झाला. चित्रपट तोच होता, अपेक्षा बदलली होती.

१८ जून २०२३ नंतर

चित्रपटात एका सहकाऱ्याचे हेल्मेट तडकते आणि तो सूटसकट चिरडला जातो. अंतःस्फोट समजावताना मी हा प्रसंग सांगायचो आणि वर्गात हशा पिकायचा. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेल्या ‘टायटन’चा अंतःस्फोट होऊन पाच माणसे गेली. कवच कार्बन फायबरचे होते आणि कोणत्याही वर्गीकरण संस्थेने ते प्रमाणित केलेले नव्हते. हा अपघात टाळता आला असता, असे अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालाने २०२५ मध्ये म्हटले. त्यानंतरच्या बॅचमध्ये कोणी हसले नाही. चर्चा रंगली ती दारावर. नोराने दार लावले ते बरोबर की चूक? अर्धा वर्ग म्हणाला, दाबरोधक दार असते ते याचसाठी. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पण ते केंद्र तेवढ्या खोलीवर चालेल अशी सही कोणी केली होती?” चित्रपट याचे उत्तर देत नाही. तास संपला, म्हणून मीही दिले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता पडद्यापुरता राहिलेला नाही. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था समुद्रयान मोहिमेसाठी ‘मत्स्य ६०००’ बनवत आहे: तीन माणसे, ६,००० मीटर खोली, २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोल. वरचे दोन्ही हिशेब या खोलीसाठी करून पाहा. दाब सुमारे ६० मेगापास्कल येईल. छिद्रातून येणाऱ्या पाण्याचा वेग येईल सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे २० अंश सेल्सियसच्या हवेत आवाज धावतो तेवढाच.