वाचनवर्ग, स्वयंसेवी
शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांसाठी गावातील वा वस्तीतील स्वयंसेवकांनी चालविलेले वर्ग. मुंबईतील झोपडपट्ट्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनी स्थापिलेल्या 'प्रथम' या संस्थेने (स्था. १९९५) भारतात त्यांचा मोठा प्रसार केला. मुलाची इयत्ता न पाहता अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते, हे तपासून गट पाडणे व तेथून पुढे शिकविणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये झालेल्या प्रयोगात अल्प प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या वर्गांत आलेल्या मुलांच्या वाचनात लक्षणीय प्रगती आढळली. तथापि त्या गावांतील सुमारे ८ टक्के मुलेच वर्गांना आली आणि वाचता न येणारी बहुसंख्य मुलेही दूरच राहिली. त्यामुळे हे वर्ग उपयुक्त ठरले, तरी ते शाळेची जागा घेऊ शकत नाहीत.